कमलाअक्का नावाची दहशत

वकिलाच्या ऑफिसात फायली साचतात असं लोकांना वाटतं. खरं तर साचतात ते किस्से. फायली निदान महिन्यातून एकदा झटकता तरी येतात. कुंभकोणमला आमच्या वकीलसारांकडे मी गुमास्ता आहे, आणि सध्याचे निम्मे किस्से एकट्या कमलाअक्कांच्या केसमधले आहेत.

अक्का माझ्या शेजारच्या, मेलकावेरीतल्या. आमच्यासारख्याच पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातल्या. भूगोलाच्या रिटायर्ड टीचर, वय अडुसष्ट. 'कावेरीतला वाळूउपसा थांबवा' असा बोर्ड घेऊन सात जणांबरोबर दर शनिवारी घाटावर उभ्या राहायच्या. गप्प. त्यावर म्होरक्या म्हणून अक्कांना लागला दहशतवादविरोधी कायदा! यात जामीन मिळणं महाकठीण. अक्का अकरा महिने आत होत्या. मला आजही संताप येतो, पण सांगायला बसलो की हसूच फुटतं, काय करणार.

घराची झडती घ्यायला आलेला इन्स्पेक्टर निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी. जप्तीत पृथ्वीचा गोल आणि दोन अ‍ॅटलास. पंचनामा सहीला पुढे केला, तो अक्कांनी वाचला आणि सवयीने लाल पेन काढलं.

"घराचं तोंड पश्चिमेला? मग हे सकाळचं ऊन दारातून कसं येतंय?"

"सॉरी मिस," म्हणत त्याने अख्खा पंचनामा पुन्हा लिहिला. अक्कांनी सही केली आणि वर शेरा दिला, 'सुधारणा आहे.'

चौकशीत त्या सात जणांतल्या, दारासुरमच्या सेल्वराज विणकराला विचारलं, "तुमच्या संघटनेचं नाव काय?" नावच नव्हतं. पण फॉर्मातला रकाना रिकामा चालत नाही म्हणे. सेल्वराज सरळ माणूस. "मीटिंग घेऊन सांगतो," म्हणाला, टाउन बसने घरी गेला, बाकीच्या सहा जणांना जमवून रीतसर मीटिंग घेतली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर.

"तीन नावं सुचली सार, पण एकमत झालं नाही."

आरोपपत्रात ते असं उतरलं: 'संघटनेने आपले नाव गुप्त ठेवले आहे.'

तुरुंगात अक्कांनी बायकांना भूगोल शिकवायला घेतला. खडू मिळेना. मग दारात कोलमची रांगोळी घालतात तसा तांदळाच्या पिठाने फरशीवर कावेरीचा नकाशा काढला, उगमापासून समुद्रापर्यंत. जेलरने रिपोर्ट पाठवला, 'पळून जाण्याचा मार्ग आखताना आढळल्या.' वकीलसारांनी उत्तर दिलं, 'सदर मार्ग बंगालच्या उपसागरात संपतो. तिथून पुढचा बेतही कळवावा.'

मी भेटायला गेलो तर जाळीपलीकडे अक्का अर्ध्या झालेल्या. मी बाहीने डोळे पुसले. त्याच म्हणाल्या, "रडूं नक्को रे. तुमच्या दहावीहून हा वर्ग हुशार आहे."

झडतीत एक वहीही गेली होती. अक्कांच्या आईची, सांबार-लोणच्यांची. आमच्याकडे जुनी माणसं मोडी लिपीत लिहायची. पोलिसांच्या लेखी ती सांकेतिक भाषा! ती कुणाला वाचता येईना, म्हणून तपास संपेना, म्हणून अक्का सुटेनात. शेवटी खात्याने एका ग्रंथालयाला विचारलं, कुंभकोणमात मोडी कोण वाचतं? उत्तरात एकच नाव आलं: श्रीमती कमलाबाई, मेलकावेरी. नाव कुठे ऐकलंय, हा विचार कुणीही केला नाही. अक्कांच्या बंद घराच्या पत्त्यावर सरकारी पत्र आलं, ते शेजारी म्हणून माझ्या हाती पडलं. 'आपण या विषयातील मान्यवर तज्ज्ञ आहात. राष्ट्रीय सुरक्षेच्या कामी आपले सहकार्य मिळावे.'

वकीलसारांनी ते पत्र जामीन अर्जाला जोडलं. जामीन त्याच सुनावणीत झाला, पण त्याआधीचं सांगायला हवं. न्यायाधीशांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि सरकारी वकिलांना विचारलं, "तुम्हाला देशासाठी या बाईंची मदत हवी आहे, की या बाईंपासून देश वाचवायचा आहे?"

सरकारी वकील मागे वळून पोलिसांशी बराच वेळ कुजबुजले. मग कोट नीट करून उभे राहिले.

"युवर ऑनर, दोन्ही."