नरेशचा हळू बॉल

नरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला कंपनीच्या कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो. फोन आमच्या मुरबे गावातल्याच एकाचा. "नऱ्या गेला रे. सकाली होडीवरना आला, ओट्यावर बसला, पानी मागितला, आन् झाला…" एवढंच तो बोलला. मी ताट जागेवर ठेवलं आणि बाहेर आलो. मागून एकानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मित्र गेला माझा. मित्र हा शब्द तोंडातून निघाला आणि मला स्वतःचीच चीड आली. खांद्यावरून दोर ओढावा तशी ती चीड गेले काही आठवडे मी ओढतोय.

या पुरवणीच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुमच्या त्या षटकाराची गोष्ट जरूर घाला, वाचकांना आवडेल." घालतो. ती घातल्याशिवाय नरेशवर लिहिताच येणार नाही, हे त्यांना कुठे ठाऊक!

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात डिसेंबर ते मे टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. समुद्रावर, भात कापलेल्या शेतांत, कंपन्यांच्या मागच्या पडीक जागांत. प्रत्येक गावाचा संघ, आणि संघात बाहेरून बोलावलेले एक-दोन खेळाडू. पत्रकावर त्यांना 'पाहुणा खेळाडू' म्हणतात, पाठीमागे 'भाड्याचा' म्हणतात. नरेश असा भाड्याचा बॉलर होता, आणि त्याला त्याची लाज नव्हती. रविवारी सकाळी जुनी मोटरसायकल काढायची, हँडलला पिशवी, पिशवीत बूट आणि आईनं बांधून दिलेली भाकरी-सुकट. कधी दांडी गाव, कधी उमरोळी, कधी पार डोंगराकडचा एखादा पाडा. गेल्या गेल्या कॅप्टनचं नाव विचारायचा, मग वारा कुठून येतो ते बघायचा. बोईसरच्या कारखान्यांतली यूपी-बिहारची पोरंही त्याला न्यायची. "नरेशभाई, आखरी ओवर आपका," असं म्हणून त्याच्या हातात बॉल देऊन मोकळी व्हायची. अंगावर ज्या गावाचा टी-शर्ट, त्या दिवसापुरतं ते त्याचं गाव.

मी एकदा त्याला छेडलं होतं. म्हटलं, दर रविवारी नवीन गाव, तुला काही वाटत नाही? तो म्हणाला, "सुतार नाय काय दुसऱ्याच्या घराला दरवाजा बसवत? चांगला बसवला की झाला. तो काय तिकडं ऱ्हायला जातो?"

त्याच्याकडे वेग नव्हता. उंचीही बेताचीच. होता तो एक हळू बॉल. हात तसाच जोरात यायचा, बॉल मात्र मागे राहायचा. बॅट्समन आधीच बॅट फिरवून मोकळा, आणि मग बॉल सावकाश येऊन स्टंप पाडायचा. लोक हसायचे, बॅट्समनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. या एका बॉलवर त्यानं कितीतरी हंगाम काढले. एकदा मुंबईकडच्या एका मोठ्या संघानं त्याला रात्रीच्या सामन्यांसाठी बोलावलं. आम्ही गावात फुगून गेलो. तिथे त्याची पहिलीच ओव्हर धुतली आणि दुसरी कोणी दिलीच नाही. परत आला तो हसत. "लाइट इतके होते की माजा हळू बॉलपन सगल्यांना दिसला!" दुसऱ्या रविवारी पुन्हा मोटरसायकल, पुन्हा पिशवी.

आता तो सामना. आमच्या गावची स्पर्धा समुद्रावर व्हायची, ओहोटीच्या घट्ट वाळूत, आणि भरती चढायच्या आत संपवावी लागायची. अंतिम सामना आमचा आणि खाडीपलीकडच्या एका गावाचा. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता आमच्याकडे लग्नाकार्याला येतात. त्यांचा पाहुणा खेळाडू नरेश. घरच्या माणसाला कशाला पैसे द्यायचे म्हणून आमच्या मंडळींनी त्याला आधी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं तोपर्यंत त्यानं तिकडे शब्द दिला होता. सामना शेवटच्या बॉलवर आला. सहा हवे होते. बॅटिंगला मी.

खरं काय झालं ते लिहितो. मी घाबरलो. सगळं गाव किनाऱ्यावर, माइकवर समालोचक ओरडतोय, सीमारेषेच्या दोरीला पाणी लागायला लागलेलं. नरेश धावत आला आणि मी डोळे मिटले. मिटले म्हणजे अगदी घट्ट मिटले. भीतीनं बॅट उशिरा फिरली… आणि त्याचा बॉलही उशिरा आला, कारण तो हळू बॉल होता, त्यानं आयुष्यात टाकलेल्या उत्तम बॉलांपैकी एक. दोन उशीर जमून गेले. डोळे उघडले तेव्हा लोक पाण्यात धावत होते.

मला खांद्यावर घेतलं. समालोचकानं तोंडासमोर माइक धरला, "आजवर हा बॉल कोणाला कळला नाही, तुला कसा कळला?" नशीब म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण खांद्यावर बसलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही. मी छाती फुगवून म्हणालो, "मला माहीतच होतं हळू बॉल येणार. थांबलो आणि मारला." कर्ण्यातून ते सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं. खाडीपलीकडच्यांनाही.

संध्याकाळी वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी नरेश मला भेटला. कानाशी येऊन म्हणाला, "डोले मिटलेले होते तुजे. मी बघितला." माझा चेहरा उतरला. तो खो खो हसायला लागला. "जाव दे रे. कोनाला सांगत नाय मी." मग मीही हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

पुढच्या रविवारी त्याला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तोंडावर कोणीच काही बोललं नाही. नवीन पोरं घेतोय, म्हणायचे. पण पारावर, बंदरावर, मासळीबाजारात एकच बोलणं सुरू होतं. हळू बॉल येणार हे मारणाऱ्याला माहीत होतं म्हणजे कोणी सांगितलं? नऱ्यानंच सांगितलं. आपल्या गावासाठी मुद्दाम मारायला बॉल सोडला त्यानं. भाड्याच्या बॉलरकडे विकायला दुसरं काय असतं? ज्याचा टी-शर्ट घातला त्याच्यासाठी तो जीव तोडून टाकेल, एवढा विश्वास. तो विश्वासच गेला. गंमत म्हणजे आमच्या गावातल्या काही शहाण्यांनी कौतुकानं त्याची पाठ थोपटली. तो म्हणायचा, "मी बॉल नाय सोडला. त्यानं मारला तो." पुढचं अर्धं वाक्य त्यानं कधीच सांगितलं नाही, कारण ते माझं होतं.

मी का गप्प बसलो? तो सामना बघायला एका कंपनीचे साहेब आले होते. त्यांनी मला कंपनीच्या संघात घेतलं, संघातून खात्यात, खात्यातून कायम. माझं बोईसरचं घर, मुलांच्या शाळा, सगळं त्या मिटलेल्या डोळ्यांवर उभं आहे. सुरुवातीला वाटलं, बोलणी थंड होतील. मग वाटलं, आता उगाच जुनं कशाला उकरायचं. मग त्यानं खेळणंच सोडलं, भावाच्या होडीवर जायला लागला, आणि मी मनाला समजावलं की आता सांगून उपयोग नाही. भ्यालो होतो, दुसरं काही नाही. नरेश मात्र कंपनीच्या मैदानावर माझे सामने बघायला यायचा. झाडाखाली बसायचा, मी चौकार मारला की टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या मला नको असायच्या. एकदा तर तो आलेला बघून मी मुद्दाम दुसऱ्या बाजूनं निघून गेलो.

बारावं झाल्यावर एका दुपारी मी मुरब्याला त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. बाहेर बायका सुकवलेले बोंबील निवडत बसल्या होत्या. आत त्याची बायको, वनितावहिनी, टी-शर्टच्या घड्या घालत होती. निळे, पिवळे, हिरवे, प्रत्येकाच्या छातीवर वेगळं गाव. कोपऱ्यात म्हातारी आई भिंतीला टेकून बसलेली. वहिनीनं पाणी दिलं आणि परत घड्यांशी बसली. मग खाली बघत म्हणाली, "भावजी, एक इचारू? खरा सांगाल?"

"विचारा."

"यांनी तो बॉल सोडला होता काय? तुमच्यासाठी?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तीच पुढे बोलली. "आमचा लगीन नवीनच झाला होता तवा. माज्या बापसानंपन इचारला मला, जावई असा हाय काय? मी यांना कदी इचारला नाय. भ्या वाटायचा… हो म्हनाले तर?"

इतकी वर्षं ही बाई त्या बॉलबरोबर संसार करत होती, आणि माझ्या मनाला कधी हा विचारसुद्धा शिवला नव्हता. मी सांगितलं. बॉल चांगला होता, माझे डोळे मिटलेले होते, आणि माइकवर मी खोटं बोललो.

"यांना ठावं होता?"

"हो वहिनी. त्याच संध्याकाळी तो मला म्हणाला होता. कोणाला सांगत नाही म्हणाला…"

तिच्या हातातला टी-शर्ट तसाच राहिला. मला वाटलं ती शिव्या देईल, रडेल, निघा म्हणेल. मी त्या सगळ्याला तयार होतो. तिनं डोळे पुसले, उठली, माझ्या दंडाला धरून मला म्हातारीसमोर नेऊन बसवलं.

"आईला कमी ऐकू येता," ती म्हणाली. "तिला सांगा. मोठ्यानं सांगा."

मी म्हातारीच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं मान हलवली, तिला ऐकू आलं नव्हतं. कानामागे हात धरून ती म्हणाली, "काय बोलतस पोरा?"

मी घसा साफ केला आणि ओरडून सांगितलं, "नरेशनं बॉल सोडला नव्हता! मी डोळे मिटले होते!"

बाहेर बोंबील निवडणाऱ्या बायकांचं बोलणं थांबलं. वहिनी दाराशी जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे तोंड करून, आणि मागे वळून न बघता मला म्हणाली, "परत सांगा."