नागलीवर ठेवलेला हात

सोनीबाय गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लावणीला होते. हातातला मूठभर आवा, भाताची रोपं, तसाच राहिला. आधी रडू आलं नाही, भीती वाटली... माझी शिक्षा देवीनं तिला दिली की काय?

सोनीबाय माझी थोरली जाऊ. आमच्याकडे वरचा पाडा एका पक्षाचा, खालचा दुसऱ्याचा. मधली नऊ घरं कुणाचीच नव्हती, म्हणून निवडणुकीत दोघंही आमच्याच दारात येत. एका निवडणुकीला खालच्या पक्षाचा माणूस पायी आला. ओट्यावर बसला, नर्सबाई येते का विचारलं, आमचं ऐकून घेतलं. घरं त्याच्याकडे झुकली. ते कळताच वरच्यांची जीप आली. नागली म्हणजे नाचणी; तिच्या दाण्यावर हात ठेवून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. दाणा म्हणजे कणसरी, आमची देवी. त्यांनी सोनीबायचंच सूप नागली भरून मधे ठेवलं आणि एकेकीला बोलावलं.

"मत मागाया आलास का नवरी मागाया?" सोनीबाय म्हणाली. सगळ्यांनी हात ठेवले. मीही ठेवला. आणि मतदानाला पडद्यामागे शिक्का मारला तो पायी आलेल्या माणसाच्या चिन्हावर.

जीपवाले हरले आणि परत आले. "शपथ कोणी मोडली? देवी पोरांना सोडायची नाही!" त्या दिवसांत आमच्या भागात पोरं उपासमारीनं जात होती. माझी यमी मांडीवर तापानं फणफणत होती.

सोनीबाय उठली. "मी मोडली. माझ्या घरात पोर नाही. न्यायचा तर मला नेईल."

मी गप्प राहिले. पुढे कितीतरी वर्षं बाया तिच्या हातचं बियाणं घेत नव्हत्या, तरी मी गप्पच. यमी दहावीला गेली. गेल्या महिन्यात सोनीबाय अंथरुणाला खिळली तेव्हा मी म्हटलं, "बाय, मोडली ती मी."

"ठाऊक आहे गो," ती म्हणाली. "मलापण तो पायी आलेलाच आवडला व्हता. पण मी मत दिला जीपवाल्याला... दाण्याला भ्यायले."

तिचं सूप आता माझ्या घरात खुंटीला आहे. परवा पुन्हा मतं मागायला जीप आली. त्यातून तोच उतरला, जो तेव्हा पायी आला होता. ओट्यावर बसला नाही, नर्सबाईचं विचारलं नाही. सुपाकडे बोट करून म्हणाला, "वहिनी, नागली घाला यात."

घरात पायलीभर नागली होती. मी सूप काढून त्याच्यासमोर ठेवलं, रिकामंच. "दाणा नाही," म्हटलं. परक्या माणसासमोर मी पहिल्यांदाच बोलले.

तो जीपकडे वळला. "निकालानंतर येतो," म्हणाला.

सूप पुन्हा खुंटीला लावलंय. वळणावर जीप वाजली की मी आधी यमीला आत घेते, मग त्या सुपाकडे बघते.