मेथीदाण्याच्या लेखातल्या शेवटच्या चार ओळी

गुरुवारची सकाळ होती. परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी वानखेडे काका पेपर घेऊन माझी वाट बघत उभे होते... आणि चक्क हसत होते. मिल बंद पडल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

नव्वदीची सुरुवात होती. मी इंदूरच्याच एका हिंदी पेपरात दर गुरुवारचं सेहतचं, म्हणजे तब्येतीचं पान बघायची. एकीकडे एकेका मिलला टाळं लागत होतं आणि दुसरीकडे आमच्या पेपरात रंगीत टीव्हीच्या जाहिराती मावत नव्हत्या.

काका पंचवीस वर्षं लूमवर होते. शुगर होती, पण मिलच्या विमा कार्डावर दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळायच्या, त्यामुळे काळजी नव्हती. मिल गेली तसं ते कार्डही गेलं. मग बाजारातून गोळ्या आणायच्या, कधी अर्धी घ्यायची, कधी एक दिवस सोडून... असं चाललं होतं.

"ताई, तुमचं मेथीदाण्याचं वाचलं न मी. आता गोळीची झंझटच खतम."

मी घाईघाईने म्हटलं, काका, गोळ्या बंद नाही करायच्या हं, मी तसं लिहिलं होतं. त्यांनी पेपर पुढे केला... "कुठे लिहिलंय, दाखवा बरं?"

कुठेच नव्हतं. "हा औषधाला पर्याय नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका" या अर्थाच्या चार ओळी लेखाच्या शेवटी होत्या. त्या जागी टीव्हीच्या एक्स्चेंज ऑफरची चौकट बसली होती.

आमच्याकडे पद्धतच तशी. कागदावर निघालेला मजकूर पानावर चिकटवायचे, आणि ऐनवेळी जाहिरात आली की ब्लेडने खालून कापायचे. बातमीत ते चालतं हो, महत्त्वाचं सगळं वर असतं. पण तब्येतीच्या लेखात सावधगिरीची सूचना नेमकी सगळ्यात खाली असायची, आणि ती वर घ्यावी हे माझ्यासकट कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आणि मी कोण, तर ऑफिसभर किरकिरी म्हणून प्रसिद्ध! त्या एका लेखासाठी डॉक्टरांना तीन वेळा फोन केला होता. किती दाणे, किती वेळ भिजवायचे, कोणी खाऊ नयेत... छापलेला एकही शब्द चुकीचा नव्हता.

काकांना मी परत परत सांगितलं. ते "बरं बरं" म्हणाले. त्यांची मुलगी मीनू तेव्हा कॉलेजात होती, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, बाबांनी कात्रण कापून ओट्याजवळ चिकटवलंय, काही बोललं की त्याकडे बोट दाखवतात. वर डॉक्टरांचं नाव, फोटो... माझ्यासारख्या गल्लीतल्या बाईचं कोण ऐकतो?

मग संपादकांकडे गेले. म्हटलं, पुढच्या गुरुवारी खुलासा छापू या. ते म्हणाले, "जो छपा है उसमें गलत क्या है, बताइए." काहीच नव्हतं. "तो फिर जो छपा ही नहीं, उसका खंडन कैसे छापें?"

नोकरी नवीन होती, मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला गप्प बसायला निमित्तच हवं होतं.

थंडीत काका लंगडताना दिसले. चप्पल चावली म्हणाले, दुखत तर नाही... न दुखण्याचाच त्यांना आनंद. मीनूने जबरदस्तीने मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं तोवर पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापावा लागला.

भेटायला गेले तेव्हा पाय उचलत नव्हते माझे. काकांनी उलट मलाच स्टुलावर बसवलं. "ताई, तुम्ही तर पूर्ण लिहिलं होतं न? मला सांगितलंही होतं. माझीच अक्कल चरायला गेली होती." मी म्हटलं, हो काका... लिहिलं होतं.

त्यानंतर सात वर्षं जगले ते. कोणी पेपरवाल्यांना शिव्या घातल्या की म्हणायचे, ताईंना काही बोलायचं नाही, त्यांनी बरोबर लिहिलं होतं, प्रेसवाल्यांनी कापलं. कुबड्या टेकत माझ्या लग्नाला आले, तिथेही हेच सांगत होते.

मागच्या आठवड्यात कृष्णपुऱ्याजवळ मीनू भेटली. किती वर्षांनी... केस पांढरे झालेत तिचेही. हात धरून म्हणाली, बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे, ताई, एकट्या तुम्हीच खरं बोललात म्हणायचे. मी काहीतरी निमित्त काढून तिथून सटकले.

मीनू, घरी आल्यावर तुझी फ्रेंड रिक्वेस्ट दिसली. ती घेतली आणि मग हे लिहायला बसले.

चिकटवलेलं पान छपाईला जाण्याआधी माझ्याकडे यायचं. माझी सही असल्याशिवाय ते खाली जातच नसे. त्या बुधवारी संध्याकाळीही आलं होतं. चार ओळी नाहीत हे मला दिसलं होतं, मीनू. पान पुन्हा लावायचं म्हणजे अर्धा तास, घरी जायचा माझा टेम्पो चुकला असता. चार ओळींनी काय बिघडतंय असं मनात म्हटलं आणि सही केली.

गुरुवारी काकांनी पेपर पुढे केला तेव्हा त्यांना वाटलं, मलाही धक्काच बसलाय. मी तसं वाटू दिलं. आता माफी मागायला ते नाहीत, आणि तुझ्याकडे मागायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही.

तुझ्या बाबांनी सात वर्षं माझी बाजू घेतली... आणि मी ती घेऊ दिली.