पार्ट थ्री आणि मधलं एक इंच

"थांबाड ताई, आठेच थांबाड!" बापू ओरडला.

मी स्पेसबार दाबला. स्क्रीनवर आमच्या हिरॉइनने खलनायकाला लाथ मारून आडवं केलं होतं. आणि हा खलनायक लगेच उठून, तिच्यासमोर ताठ उभा राहून, कमरेत वाकत होता.

"हाई काय शे?" बापू म्हणाला. "मार खाईसन नमस्कार करस का कोनी?"

"बो शे तो," मागून पाटील सर शांतपणे म्हणाले. "बाउट, म्हंजे लढत, संपनी का बो करनाच पडस. सवय शे पोरेसले."

मी एडिटर आहे. नंदुरबारमध्ये लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करता करता केस पांढरे झाले. त्यातच ही अहिराणी कराटे पिक्चरची सिरीज माझ्या गळ्यात पडली. पार्ट वनचे डायरेक्टर पाटील सर, शाळेच्या मैदानावर कराटेचा क्लास घेणारे. पार्ट टूचा डायरेक्टर विसरवाडीचा बापू, लग्नाचा व्हिडिओ शूटर; कॅमेरा मात्र तिन्ही पार्टला त्याचाच. आणि पार्ट थ्रीला दोघं मिळून. एका म्यानात दोन तलवारी, आणि म्यान म्हणजे माझी दहा बाय दहाची खोली.

निर्माते कांतिशेठ, कापडाचे व्यापारी. हौसेपोटी पिक्चर काढणारा माणूस, पण पार्ट वनने त्यांचीही हौस फिटत आली होती. लोक फाइट बघून पोट धरून हसले होते. व्हिडिओखाली कमेंट काय, तर "हात लागनाच नही भो!" शेठ हसण्यावारी नेतील, पण सरांचं काय? क्लासची अर्धी मुलं गळाली. "सरांचं कराटे नकलीच आहे," असं आयाबाया उघड म्हणायला लागल्या. बावीस वर्षं घासून कमावलेलं नाव दोन तासांच्या पिक्चरने घालवलं.

शेठने फोनवर साफ सांगितलं, "मीनाताई, रविवारी दुपारी घरी सगळ्यांना दाखवायचं. फाइटवर कोणी हसलं, तर सरांचं नाव उडवा आणि पुढच्या पार्टला सुरतहून फाइटवाले आणतो."

सर खुर्चीत बसून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "ताई, यानामां पन हसनात ना, ते मन्हा क्लास बंदच समज."

मला राग आला, तो शेठचा नाही, त्या फुटेजचा. इतकी चपळ मुलं, इतका घाम, आणि स्क्रीनवर सगळं भातुकलीसारखं का दिसतं?

मी फाइट फ्रेम फ्रेम करून बघितली. एका सेकंदाचे आम्ही पंचवीस फोटो मोजतो, त्यातल्या प्रत्येकाला फ्रेम म्हणतात. एक ठोसा, दुसरा, दहावा. एकही लागलेला नाही. पण गंमत पुढे आहे. चुकून लागला नाही असंही नव्हतं. प्रत्येक मूठ नाकाच्या अलीकडे ठरल्या जागी थांबत होती. मी चक्क स्क्रीनला पट्टी लावली. अंतर दर वेळी तेवढंच! आता मात्र मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासवर गेले. सरांनी मला मधोमध उभं केलं आणि रंजनाला बोलावलं. रंजना म्हणजे आमची हिरॉइन, कोरीट गावची, सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी.

"ताई, हालू नको," सर म्हणाले.

मूठ आली. अगं आई गं! नाकाला वारा लागला, डोळे मिटले. डोळे उघडले तर मूठ नाकासमोर इंचभर अंतरावर. आणि रंजना शांतपणे बो करत होती.

"हाऊ शे कंट्रोल," सर म्हणाले. "हात तं कोनीबी मारस. थांबाडाले वरीसं लागतस."

तिथेच माझी ट्यूब पेटली. समोर उभं राहून मला ते शंभर टक्के खरं वाटलं होतं. बाजूला उभं राहून ते इंच दिसतं. मग कॅमेरा बाजूला का? मी उभी होते तिथे का नाही?

कारण बापू. लग्नाच्या शूटिंगमध्ये एकच नियम असतो, सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. तो सवयीने फाइटही तशीच घेत होता, मारणारा आणि मार खाणारा दोघं कॅमेऱ्यासमोर आडव्या रेषेत, दोघांच्या तोंडावर लाइट.

"कॅमेरा खलनायकाच्या खांद्यामागे ठेव," मी म्हणाले.

"मंग त्यानं तोंड दखावाव नही!"

"नको दिसू दे."

"ताई, तुले माहीत नही. तोंड दखानं नही ते मामा-मावश्या फोन करतस."

"अरे बाबा, तो खलनायक आहे, नवरदेव नाही!"

सरांनाही पटेना. खांद्यामागून घेतलं तर मुठीचा कोन, पायाचा स्टान्स काहीच दिसणार नाही. दोघं डायरेक्टर पहिल्यांदाच एकमताचे झाले, तेही माझ्याविरुद्ध. शेवटी मीच कंबर कसली. म्हटलं, "एक फाइट माझ्या म्हणण्याप्रमाणे घ्या. हसले, तर माझंही नाव काढा."

शहराबाहेरच्या पथारीवर फाइट पुन्हा घेतली. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मोकळं रान, सगळीकडे लालेलाल. खलनायक पडला की ठसका उठायचा आणि अख्खं युनिट शिंकायचं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं अस्सल होतं. ठोशाचा आवाज हवा होता, म्हणून बापूने मिरचीच्या भरल्या पोत्यावर काठी हाणली. पुढची दहा मिनिटं तो कामातून गेला.

एडिटिंगला मी मूठ थांबायच्या दोन फ्रेम आधीच शॉट कापला, तिथे आवाज बसवला आणि लगेच पुढचा शॉट. बो अर्थातच उडवला.

रविवारी शेठच्या हॉलमध्ये सगळं घर जमलं. सर दाराशी उभे होते, बसायला तयार नव्हते. फाइट आली. पहिला ठोसा बसला, आणि शेठच्या आई मोठ्यांदा ओरडल्या, "हाय राम! लाग गी छोरा ने!"

कोणी हसलं नाही. शेठ खूश. "पाटील सर, या वेळेस लागलं हां! नाव पक्कं!"

मी वळून बघितलं, तर सरांचा चेहरा उतरलेला. बाहेर ओट्यावर गेले. मी आणि बापू मागोमाग.

"ताई, मन्हं नाव काढी टाक," सर म्हणाले. "लागनं म्हंजे मी नापास व्हयनू."

बापू म्हणजे कोणाचं नाव आधी, यावरून महिनाभर भांडलेला माणूस, पण आत्ता हळूच म्हणाला, "सर, तुमनं नाव नही, तं मन्हंबी नको."

मला वाईट वाटलं. पट्टी लावून बघणारी मी, आणि नेमकं तेच इंच मीच कापून टाकलं होतं. आत गेले, लॅपटॉप पुन्हा लावला आणि म्हटलं, "पिक्चर संपलेला नाही. तोच ठोसा आता बाजूने बघा." बापूचा जुना शॉट लावला. बाजूने घेतलेला, आवाज नाही, कट नाही, सगळ्यांची तोंडं दिसणारा. मूठ आली, थांबली. मधलं इंच अख्ख्या हॉलला दिसलं. मग खलनायक पडला, उठला, आणि दोघांनी बो केला.

हॉलमधली माणसं पुढे सरकून बघायला लागली. शेठच्या आई चष्मा पुसत म्हणाल्या, "फेर दिखा."

तीन वेळा दाखवला. तिसऱ्या वेळेला सर आत येऊन बसले होते.

पार्ट थ्री तसाच लोकांपुढे गेला. शेवटी दोन डायरेक्टरांची नावं, आणि त्यांच्यामागे तो न कापलेला शॉट. महिन्याभरात क्लासवर एक बाई मुलीला घेऊन आल्या. सरांना म्हणाल्या, "मन्ही आंडेरले ते थांबनं शिकाडशात का?"

तेव्हापासून मी कुठल्याही फाइटचा शेवट घाईने कापत नाही. पडलेला माणूस उठून काय करतो, ते आधी बघते.