पातेल्याची साडी

श्रीरामपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या कुमुदिनीबाईंच्या प्रेमलाचं लग्न एकाहत्तरच्या डिसेंबरात ठरलं. चर्चमध्ये नवरीला पांढरी रेशमी साडी हवी आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. त्याच आठवड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी चांगुणा दारात आली. तिच्या गाठोड्यात एक पांढरी रेशमी नऊवारी होती.

बाईंनी ती उलगडून उन्हात धरली. रेशीम आधी घडीवर विरतं, म्हणून एकेक घडी हलकेच ताणून पाहिली. एका टोकाचे तीन वार फाटके होते, पण उरलेले सहा अगदी धड होते. प्रेमलाला तेवढे पुरत होते. बाईंनी घरातलं पितळी पातेलं पुढे केलं.

"आवं, लोक कापडं देऊन भांडी नेत्यात, तुमचं उलटंच!" चांगुणा हसली.

"लेकीला चिंध्या नेसवणार का, वहिनी?" नणंद सरलाबाईंनी टोमणा मारला.

बाईंनी फाटका भाग कापला आणि साडी रिठ्याच्या पाण्यात धुतली. लग्नात प्रेमलावरून कोणाची नजर हटेना. जेवणं उरकताच सरलाबाई जवळ आल्या.

"वहिनी, आमच्या लीलाच्या लग्नाला ही साडी द्याल?"

"देईन की," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "पण वन्सं, येताना पातेलं आणा!"