हरण्याची मोट झाली नाही

चौसाळ्याहून निरोप आला तेव्हा मी अंगणात धुतलेले गहू वाळत घालीत होते. एस.टी.ने आलेला गावाकडचा माणूस फाटकाशीच थांबला, डोक्याचा रुमाल काढून त्याने हातात घेतला, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच मला कळले. ओल्या गव्हाचा तो गोडसर, पिठूळ वास आता अक्कांच्या मरणाशी कायमचा जोडला गेला आहे. शिवूअक्का या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लातूरहून आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलले होते. आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, भस्म लावून, बेलाच्या पानांसह मातीत ठेवायचे होते. भावासाठी तेवढे थांबवून धरले होते. भिंतीला टेकून बसलेल्या अक्कांकडे मी पाहत राहिले. चाळीसहून अधिक वर्षांच्या सहवासात मी त्यांना इतके स्वस्थ बसलेले कधी पाहिले नव्हते...

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा निजामाची राजवट होती. वडिलांनी लहानपणी माझ्याकडून पुष्कळ कविता पाठ करून घेतल्या होत्या. माहेराहून आणलेले खरे धन तेवढेच. शेणी थापताना मी काहीतरी गुणगुणत होते, तर मागून अक्कांचा आवाज आला, "काय गं सरू, कविता म्हनतीस व्हय? म्हन की मोठ्यानं. म्हशीला पान्हा तरी फुटंल!" मी लाजून गप्प झाले, तेव्हा त्या माझ्याजवळ बसल्या आणि स्वतःच्या हाताने शेणी थापू लागल्या. त्यांच्या अंगाला सरकीचा, कडब्याचा आणि कपिलधारच्या देवस्थानाहून आणलेल्या भस्माचा असा एक मिसळलेला गंध असे. घरात दुकानदारी होती, शेती होती, पण गोठा अक्कांचा. जनावराच्या नाकाशी नाक नेऊन त्या त्याचा श्वास हुंगत, कानामागे हात घालून ताप पाहत. सगळ्यांत लाडका हरण्या. पांढरा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी किनार असलेला तो बैल माझ्या यजमानांनी वासरू असल्यापासून वाढवला होता. मोटेवर त्याला हाक मारावी लागत नसे, गाण्याचा पहिला सूर निघाला की पावले आपोआप चालू लागत.

अक्का विधवा होऊन माहेरी का राहिल्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. माझे केस विंचरीत होत्या, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. त्यांचे सासर गेवराईचे. नवरा धनगरांकडून लोकर घेऊन विणकरांना पुरवीत असे. एका साली मेंढ्या उभ्याउभ्या कोसळू लागल्या, त्यांच्या नाकांतून काळे रक्त येऊ लागले. मेलेल्या मेंढ्यांचीही लोकर कातरून लोकांनी विकली, आणि अक्कांच्या नवऱ्याने ती पोती मानेवरून वाहिली. मानेवर फोड उठला, मधोमध कोळशासारखा काळा. त्याला काळपुळी म्हणतात. "दुखत नव्हता गं फोड," अक्का म्हणाल्या. "म्हनून आमी हसण्यावारी नेलं. मग कुनीतरी वस्तऱ्यानं चिरला... आन संपलं." फणी केसांतून खाली आली, आणि बराच वेळ पुन्हा वर गेली नाही.

हरण्या गेला तो वैशाखात. सकाळी वैरणीला तोंड लावले नाही, दुपारी गोठ्यात धाडकन आवाज झाला. अक्का धावल्या, मी त्यांच्या मागे. यजमान आधीच तिथे गुडघ्यांवर बसले होते. गोठ्यात उष्ण, जड वास भरला होता, लोखंड तापल्यासारखा. हरण्याच्या नाकपुडीतून रक्त येत होते, आणि ते थिजत नव्हते... काळे, पातळ, मातीवरून आपली वाट शोधत चालले होते. अक्का दारातच थबकल्या. "फाशी हाय ही," त्या म्हणाल्या. जनावरांच्या या रोगाला आमच्याकडे फाशी म्हणत; माणसाला झाली की तीच काळपुळी. मग त्या भावाला म्हणाल्या, "संगू, माघारी हो. हात लावू नगंस."

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. शेतात खपलेला बैल मेला की त्याचे कातडे कमावून त्याचीच मोट करायची, विहिरीतून पाणी काढायची ती चामड्याची मोठी पिशवी. बैल गेला तरी त्याचे पाणी शेताला मिळत राहावे, ही त्यामागची माया. त्या वेळी विहिरीवर चाललेली मोटही हरण्याच्याच बापाच्या कातड्याची होती. यजमानांनी डोळे पुसले आणि पहिले वाक्य उच्चारले ते हेच : "धोंडीबाला बोलवा. हरण्याची मोट करायची."

"मोट न्हाई करायची," अक्का म्हणाल्या. "हाय तसा पुरायचा."

तोवर अंगणात माणसे जमली होती. थोरले चुलते म्हणाले, बैल पुरतात असे कधी ऐकले नाही. रोगाची भाषा इथे चालणार नाही, हे अक्कांनी क्षणात ओळखले असावे. त्यांनी पदर खोचला. "नंदी हाय त्यो. महादेवाच्या म्होरं बसनारा. त्याचं कातडं वडता व्हय? समाधी द्यायची त्याला."

"मग त्याच्या बापाची मोट झाली तवा नंदी कुठं गेलता?" चुलत्यांनी विचारले.

"तवा मी सासरी होते!"

कोणीतरी हसले. "उद्या शेळीलाबी समाधी देईल ही!" यजमान मात्र हसले नाहीत. "अक्का," ते म्हणाले, "माझा हरण्या मातीत सडवतीस? कावून?" त्या आवाजातले दुःख मला अजून ऐकू येते. अक्का वळल्या आणि थेट वेशीपलीकडच्या वस्तीकडे निघाल्या. मी सून, मी घराबाहेर पडणे शोभत नव्हते. तरीही मी त्यांच्यामागे गेले.

गावातले मेलेले जनावर ओढून नेणे, ते सोलणे, कातडे कमावणे हा गावकीचा हक्क धोंडीबाच्या घराकडे होता. हक्क म्हणायचे इतकेच. गावाने त्या घराला दुसरे काही मिळू दिले नव्हते, आणि त्या वैशाखात त्या मांसावर त्याच्या घरची चूल पेटायची होती. अक्का त्याच्या दाराशी उभ्या राहिल्या, हे पाहूनच तो गोंधळला. त्यांनी सांगितले तसा त्याचा चेहरा बदलला.

"आमचा हक्क तोडता का अक्का?"

"तुजा जीव वाचवाया आले. माझा मालक असाच गेला."

"तुमचे मालक कुठं जनावर सोलत होते?"

"नुसती लोकर मानंवर वाहिली, धोंडीबा. तू तर कोपरापर्यंत हात घालनार. लेकरं तेच खानार."

आतून धोंडीबाची बायको बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिने अक्कांना विचारले, "समाधी द्या न्हाईतर देऊळ बांधा. आज मी चुलीवर काय ठिवू, ते सांगा." अक्का म्हणाल्या, "माझी कपिली कालवड घिऊन जा. दोन महिन्यांत विईल. तवर दाणा माझ्या घरचा." "मेल्याच्या बदल्यात जित्तं देनारी बाई पैल्यांदाच बघतेय," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "उठा. खड्डा खांदायला जावा."

खड्डा पुरुषभर खोल खणला. अक्कांनी वरून चुना ओतवला, कपिलधारचे भस्म टाकले, बेलाची पाने टाकली. नंदीची समाधी म्हणून गावानेही हात जोडले. त्या जागी त्यांनी पुढे कधी गुरे चरू दिली नाहीत. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांना राखेने हात घासायला लावले. सगळे आवरल्यावर त्यांनी भावाला विचारले, "तू लावलास का रं हात?" यजमान म्हणाले, नाही. दुःखात माणूस काय बोलतो, ते त्यालाही ठाऊक नसते. पुढे कळले, आम्ही गोठ्यात पोचण्याआधी त्यांनी हरण्याचे डोके मांडीवर घेतले होते, आपल्या उपरण्याने त्याचे नाक पुसले होते.

काही दिवसांनी जेवायला वाढताना मला त्यांच्या मनगटाच्या वर एक फोड दिसला. भोवती बारीक पाणीदार मण्यांचे कडे, मध्ये काळा ठिपका. "डास चावला असंल," ते म्हणाले. मी पळी खाली ठेवली आणि अक्कांना हाक मारली. त्या उठल्या, भावाचा हात दिव्यासारखा दोन्ही हातांत धरला आणि फोडाच्या कडेला अंगठ्याने दाबले.

"दुखतंय का?"

"न्हाई. अजाबात न्हाई," ते हसून म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी एवढे भीतिदायक हसणे ऐकलेले नाही. त्या क्षणी मी मनातल्या मनात एकच मागणे मागितले, यांना दुखू दे... गावचा न्हावी वस्तरा घेऊन आला, कोणी डागणी तापवली. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "चिरायचं न्हाई. कुनीबी हात लावला तर माझ्या मढ्यावरनं जावं लागंल." त्यांनी बैलगाडी जुंपायला लावली. बीडपर्यंतच्या वाटेवर त्यांनी भावाचा सुजलेला हात आपल्या मांडीवर ठेवला होता, आणि हिसका बसला की त्या स्वतः कण्हत.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, मुसलमान. त्यांनी चष्मा वर करून हात पाहिला. "इसको काटो नको करके कौन बोला?" अक्कांनी मान खाली घातली, जणू काही गुन्हा झाला होता. "मैं बोली." डॉक्टर म्हणाले, "अच्छा करे अम्मा. काटते तो जान जाती थी." मग सुया, मग तापाच्या ग्लानीत हरण्याला घातलेल्या हाका, मग कार्बोलिकच्या वासात बसून राहणे. सूज खांद्याशी येऊन थांबली. तिथून ती उतरू लागली त्या सकाळी यजमान पाणी मागत जागे झाले, आणि अक्का बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडल्या. भाऊ मरत होता तेव्हा ती बाई रडली नव्हती.

मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही लातूरला आलो, अक्का गावी गोठ्यापाशी राहिल्या. भेट झाली की पाण्याचा तांब्या देण्याआधी त्या भावाची बाही वर सारीत, मनगटावरच्या त्या खोलगट, गुळगुळीत वणावर अंगठा रोवीत. चेष्टा चाले. "म्हातारा झालो की आता," हे म्हणत. "मग मी काय तरनी हाय? आन हात इकडं," त्या म्हणत.

परवा त्यांना जाऊन महिना झाला. हे सकाळी अंघोळ करून, भस्म लावून ओसरीवर बसले, आणि काही न बोलता त्यांनी बाही वर करून हात माझ्यापुढे धरला. मी त्या वणावर अंगठा ठेवला.

"जोरात दाब," ते म्हणाले. "अक्का जोरात दाबायची."