ब्युरेटला लावलेला हात

‘‘हात लावू नका.’’

ब्युरेटच्या तोटीजवळ गेलेला माझा हात प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी पेनानं बाजूला केला. पेनानं. बोटानंही नाही.

नेरुळमधल्या एका मोठ्या खासगी शाळेची प्रयोगशाळा. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी रसायनशास्त्राचं प्रशिक्षण. प्रत्येकानं प्रयोग स्वतःच्या हातानं करायचा, त्यासाठीच बोलावलेलं. मी तुर्भ्याला पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची ती तोटीची काचनळी, नाही. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून सांगते. म्हणून तर सुट्टीच्या दिवशी हौसेनं आले होते.

सकाळी ओळख करून देताना मॅडमनी माझं आडनाव दोनदा विचारलं. मग ‘‘अच्छा,’’ म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. हा ‘अच्छा’ मला शाळेपासून माहीत आहे. नंतर मी चंचुपात्र म्हणाले, तर हसल्या. ‘‘बीकर म्हणा हो. चंचुपात्र काय!’’ सगळे हसले.

मग एका इंग्रजी शाळेच्या सरांच्या हातून फ्लास्क फुटला. मॅडम धावल्या. ‘‘होतं असं, सर. लागलं नाही ना?’’ आणि लगेच आमच्याकडे बघून, ‘‘पालिकेच्या शाळेवाल्यांनी आता फक्त बघा. काचसामान महाग आहे.’’

फ्लास्क फोडला त्यांनी. हात बांधले आमचे.

पालिकेच्या आम्ही दोघीच. मी आणि उर्दू शाळेच्या नसरीनबाई, उरणकडच्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘जाऊ दे ना. टेन्शन नको घेऊस. सर्टिफिकेट घ्यायचं, निघायचं.’’

दुपारभर आम्ही स्टुलावर बसून बघितलं. लोक टायट्रेशन करत होते, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आणत होते. आम्ही बघत होतो.

शेवटी सगळे पर्स, बॅगा उचलायला लागले. मॅडम आमच्यापाशी आल्या.

‘‘तुम्ही दोघी एवढं धुऊन ठेवा. तुम्हाला सवय असेल.’’

सवय.

माझी आई याच नेरुळमध्ये लोकांची भांडी घासायची. तिच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यात ती मेण वितळवून भरायची. त्या बोटांच्या जोरावर मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आणि ही बाई मला उचलून परत त्याच मोरीपाशी उभी करत होती.

कानशिलं तापली.

‘‘नाही धुणार.’’

‘‘काय म्हणालात?’’

‘‘मी वापरेन ते मी धुईन. पण मी काही वापरलंच नाही. तुम्ही वापरू दिलं नाही. मी प्रयोग केल्याशिवाय जाणार नाही.’’

‘‘आवाज खाली. तुमच्या हेडमास्तरांना कळवावं लागेल.’’

‘‘कळवा.’’

मी ब्युरेट भरली. तोटी जास्त फिरली आणि फ्लास्कमधलं द्रावण भडक गुलाबी झालं. चुकलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी ओतून दिलं, फ्लास्क विसळला, पुन्हा घेतलं. पुन्हा चुकलं. मॅडमनी पंखे बंद केले. घाम डोळ्यांत उतरत होता. पुन्हा घेतलं. या वेळी थेंबाथेंबानं. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला.

नसरीनबाई स्टुलावरून उठल्या. ‘‘सरक,’’ म्हणाल्या. ‘‘आता माझी पाळी.’’

बाकीचे शिक्षक दारातून बघत होते. आमच्या दोघींचं काचसामान आम्ही धुतलं. त्यांचं तसंच पडू दिलं.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. ‘‘तक्रार आलीय. थोडं अॅडजस्ट करायचं ना, बाई? दोन ओळींची माफी लिहून द्या. विषय संपला.’’

‘‘तुमच्यासाठी संपला असेल, सर. माफी मिळणार नाही. तक्रार मी पण करणार आहे, माझ्या नावानिशी. आणि पुढच्या प्रशिक्षणाला मलाच पाठवा.’’

‘‘आणि नाही पाठवलं तर?’’

‘‘तर मी न बोलावता जाईन. सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलाशी उभी राहीन. मला बाजूला करायचं असेल, तर या वेळी मॅडमना पेन नाही, हात लावावा लागेल.’’